आल्प्समधील नऊ दिवसांची पदभ्रमंती : मार्ग, मुक्काम आणि उतार यांचे नियोजन

वाटसरू (धागाकर्ता)

पुढच्या उन्हाळ्यात आल्प्समध्ये सलग काही दिवस चालत फिरण्याचा, म्हणजे रोज नव्या मुक्कामी पोहोचत पुढे जाण्याचा, आम्हा चौघांचा विचार आहे. विमानप्रवास वगळता हाताशी नऊ दिवस राहतात आणि ते जूनअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत कुठेही बसवता येतील. आमच्यापैकी दोघे चाळिशीतले आहेत आणि दोघांनी साठी ओलांडली आहे. दिवसाला सहा-सात तास चालण्याची सवय सर्वांना आहे. मात्र ज्येष्ठांपैकी एकीचा गुडघा लांब उतारावर कुरकुर करू लागतो. दोर किंवा क्रॅम्पॉन (बर्फावर पाय रोवण्यासाठी बुटांना लावायचे लोखंडी दाते) लागतील अशा वाटा नकोत आणि तंबू पाठीवर वाहण्याचीही इच्छा नाही.

वाचनातून तीन पर्याय समोर आले आहेत. पहिला, माँ ब्लाँ पर्वतसमूहाभोवतीची प्रदक्षिणा, जी टीएमबी या नावाने प्रसिद्ध आहे आणि फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. दुसरा, इटलीच्या डोलोमाइट्समधील आल्ता व्हिया क्रमांक एक. तिसरा, एकाच गावात मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला जाणे आणि संध्याकाळी परत येणे. मन पहिल्याकडे ओढ घेते आहे. सुमारे १७० किलोमीटरची प्रदक्षिणा नऊ दिवसांत करायची म्हणजे दिवसाला एकोणीस किलोमीटर होतात, हा हिशेब कागदावर तरी जमतो. तो पायांना जमेल का, आणि जमणार नसेल तर काय सोडावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

घसारा

वाटसरू, या हिशेबात किलोमीटरला जे स्थान दिले आहे ते चढाला द्यायला हवे, आणि तुमच्या गटापुरते तर उताराला. टीएमबीच्या १७० किलोमीटरांत एकूण चढ सुमारे १०,००० मीटरचा आहे. प्रदक्षिणा सुरू होते तिथेच संपत असल्याने उतारही तितकाच आहे. बहुतेक लोक ती दहा-अकरा दिवसांत करतात. नऊ दिवसांत ती बसवली तर एकही दिवस विश्रांतीला उरत नाही, आणि पावसाने एखादा दिवस खाल्ला की पुढच्या सगळ्या मुक्कामांचे आरक्षण कोलमडते.

आल्प्समध्ये वेळेचा अंदाज बांधण्याची एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. तासाला ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार आणि सपाटीवर चार किलोमीटर असे धरून उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा. दोहोंपैकी जो मोठा येईल तो पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा त्यात मिळवायचा. ले कोंतामीन ते ले शापियो हा टीएमबीचा नेहमीचा दुसरा टप्पा घेऊ. अंतर सुमारे १८ किलोमीटर, चढ १,३०० मीटर आणि उतार ९२५ मीटर. उंचीचे सव्वासहा तास होतात, अंतराचे साडेचार. म्हणजे एकूण साडेआठ तासांच्या आसपास. यात जेवण, फोटो, पाणी भरणे, ढगांची वाट पाहणे यांपैकी काहीही धरलेले नाही. तुमच्या सहा-सात तासांच्या सवयीत हा दिवस बसत नाही, आणि असे दिवस या प्रदक्षिणेत एकापाठोपाठ एक येतात.

चढाने दम लागतो, पण थांबले की तो परत येतो. गुडघ्याचे तसे नाही. उताराचा मार आदल्या दिवशीच्या मारावर साठत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलू लागतो. प्रदक्षिणेचा शेवटचा दिवस पाहा: ब्रेव्हांच्या २,५२५ मीटर उंचीवरून ले झूशच्या साधारण १,००० मीटरपर्यंत एकाच दमात दीड हजार मीटर खाली उतरायचे असते. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत तेही या उताराला वचकून असतात.

म्हणून माझे मत असे आहे की मार्गाचे नाव आधी पक्के करू नये. रोजचा जास्तीत जास्त उतार किती झेपेल हा आकडा आधी ठरवावा, वाटेत कुठून बस किंवा केबल कार मिळते हे नकाशावर खुणावून घ्यावे, आणि या दोन गोष्टींत बसेल तेवढाच मार्ग निवडावा. तुमच्या गटासाठी मी दिवसाला ९०० ते ९५० मीटर उतार ही मर्यादा धरीन आणि तसे दिवस लागोपाठ येऊ देणार नाही.

दूरवरची_वाट

घसारा यांचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष थोडा कडक वाटला. टीएमबीवर सामान पुढच्या मुक्कामी गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा आहेत. पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि खाऊ ठेवला तर उतार निम्मा सोपा होतो. काही टप्पे बसने किंवा केबल कारने ओलांडता येतात. इतक्या दूर जायचे, तर प्रदक्षिणा पुरी करण्याचे समाधान पदरात पाडून घ्यावे असे मला वाटते. अर्धी वाट चालून परतणे म्हणजे दुधाची तहान ताकावर.

घसारा

सामान पुढे पाठवण्याची सूचना चांगली आहे, फक्त तिला एक मर्यादा आहे. गाडी जिथे पोहोचते तिथेच सामान पोहोचते. एलिझाबेत्ता किंवा बोनात्तीसारख्या उंचावरच्या हटवर (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) राहायचे असेल तर त्या रात्रीपुरते सामान पाठीवर घ्यावेच लागते, आणि या वाटेवरच्या सर्वांत सुंदर रात्री नेमक्या त्याच आहेत.

आणि बसने टप्पे ओलांडायचेच असतील, तर पुरी प्रदक्षिणा केल्याचे समाधान राहते कुठे? ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये माँ ब्लाँला फेरी घातली, तेव्हा त्याच्या डोक्यात खडक, हिमनद्या आणि वायुभारमापक होते. दिवसांची शर्यत नव्हती. कमी दिवस असताना निम्मी वाट नीट चालावी, हे मी तडजोड म्हणून सांगत नाही. तीच मला अधिक चांगली सहल वाटते.

पांढरा_कडा

डोलोमाइट्सची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. आल्ता व्हिया क्रमांक एक ब्राइएस सरोवरापासून बेल्लूनोपर्यंत साधारण १२० किलोमीटर जातो. सर्व चालण्याची गरज नाही. ब्राइएसपासून लागाझुओई हटपर्यंतचा भाग तीन-चार दिवसांत होतो. हे हट २,७५२ मीटरवर आहे आणि तिथून फाल्झारेगो खिंडीत केबल कारने उतरता येते, म्हणजे गुडघ्यांना त्या उतारातून पूर्ण सुटी. पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्याने लागाझुओईच्या पोटात खोदलेले बोगदे आजही पाहता येतात. खिंडीतून बसने कोर्तिना या गावाला जाता येते.

दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्याव्यात. हा चुनखडकाचा प्रदेश आहे. पाणी मुरून जाते आणि वरच्या भागात झरे फारसे लागत नाहीत. त्यामुळे प्यायचे पाणी हटवर विकत घ्यावे लागते आणि आंघोळीच्या गरम पाण्याला मोजके टोकन असते. दुसरे म्हणजे नकाशावर ‘व्हिया फेराता’ असे लिहिलेल्या वाटा या लोखंडी तारा आणि शिड्या लावलेल्या आरोहणाच्या वाटा आहेत. हार्नेस, हेल्मेट आणि त्यासाठीचा खास दुहेरी पट्टा यांशिवाय तिथे जाऊ नये. आल्ता व्हिया क्रमांक एकची मुख्य वाट त्या टाळून जाते.

नकाशावाचक

खुणांविषयी थोडे. तुम्हाला दोर लागणाऱ्या वाटा नको असतील तर खुणा वाचता येणे हाच खरा उपाय आहे.

स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी पाटी असेल तर ती साधी वाट. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट, म्हणजे अरुंद, कुठे कुठे उघड्यावरची, चांगले बूट आणि खात्रीचे पाऊल मागणारी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की तिथून मागे फिरावे, कारण ती हिमनदी, हिमपट्टा किंवा हात लावून चढायचा खडक असलेली आल्पाइन वाट असते. स्विस अल्पाइन क्लबची टी१ (सोपी) ते टी६ (अवघड) अशी श्रेणीही नकाशांवर आणि वर्णनांत आढळेल. तुमच्यासाठी टी२ उत्तम, टी३ चालेल, त्यापुढे जाऊ नये. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि लाल असे दोन आडवे पट्टे झाडांवर वा दगडांवर रंगवलेले असतात. त्याच दोन रंगांची फुली दिसली तर वाट चुकली असे समजावे.

स्विस पाट्यांवर अंतर नसते, वेळ असतो, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. पहिल्या दिवशी पाटीवरच्या वेळेशी आपला प्रत्यक्ष वेळ ताडून पाहावा. तुम्हाला दीडपट लागत असेल तर पुढे प्रत्येक पाटीला दीडने गुणावे. हा गुणाकार कोणत्याही ॲपपेक्षा अधिक उपयोगी पडतो. फोनमध्ये नकाशे उतरवून घ्यावेतच, पण थंडीत बॅटरी लवकर बसते आणि हटवर प्लगसाठी रांग असते. म्हणून कागदी नकाशा सोबत असावा.

वाटसरू (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पुरी प्रदक्षिणा बाजूला ठेवतो. आम्ही आपसांत बोललो आणि उताराची ९५० मीटरची मर्यादा सर्वांना पटली. डोलोमाइट्सचाही विचार केला, पण गटातील दोघांना हिमनद्या जवळून पाहायच्या आहेत, त्यामुळे माँ ब्लाँच सोयीचे. घसारा, तुमच्या रीतीने टीएमबीचा निम्मा भाग मांडून दाखवाल का? सुरुवात आणि शेवट, दोन्ही ठिकाणांहून जिनिव्हाला सार्वजनिक वाहनाने ये-जा करता यावी.

घसारा

मांडतो. नेहमीच्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फ्रान्समधल्या ले झूशपासून स्वित्झर्लंडमधल्या शांपेपर्यंत.

जिनिव्हा विमानतळावरून शामोनीच्या खोऱ्यात थेट बस येते. पहिल्या दिवशी ले झूशहून बेलव्ह्यूची केबल कार घेतली की सुरुवातीचा आठशे मीटरचा चढ वाचतो. तिथून व्होझा खिंड आणि बियोनासेची वस्ती करत ले कोंतामीनला उतरावे. याच भागात त्रिको खिंडीची एक पर्यायी वाट आहे. ती देखणी आहे, पण पलीकडचा उतार अंगावर येणारा आहे. तुम्ही ती सोडावी.

दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवतो. ले कोंतामीनहून नोत्र दाम द ला गोर्ज या चर्चपर्यंत सपाट वाट आहे आणि पुढे दगडी फरसबंदीच्या जुन्या रस्त्याने ला बाल्मपर्यंत चढायचे आहे. उंची १,७०६ मीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. मी वर ज्या साडेआठ तासांच्या टप्प्याचा हिशेब दिला, तो इथे दोन दिवसांत तोडला जातो. तिसऱ्या दिवशी ला बाल्मपासून बोनॉम खिंड, २,३२९ मीटर, आणि तिथून डोंगराच्या पोटातून आडवे जात क्र्वा द्यु बोनॉम, सुमारे २,४८० मीटर. या आडव्या भागाविषयी पुढे वेगळे लिहितो. नंतर ले शापियोला सव्वानऊशे मीटर उतार. हा तुमचा सर्वांत कठीण दिवस, आणि तो तिसऱ्या दिवशी, पाय ताजे असताना येतो हे बरे.

चौथ्या दिवशी ले शापियोहून व्हील दे ग्लासिएपर्यंत हंगामात बस असते. ती घ्यावी, कारण तो डांबरी रस्ता चालण्यात काही हशील नाही. सेन्य खिंड २,५१६ मीटरवर आहे आणि तीच फ्रान्स-इटलीची सीमा. खिंडीत पोहोचताच माँ ब्लाँची दक्षिणेकडची, इटालियन बाजू एकदम समोर उभी राहते: फ्रान्सकडून दिसणारा गोलसर हिमघुमट इथे दिसत नाही, तुटलेले कडे आणि त्यांतून लोंबणाऱ्या हिमनद्या दिसतात. तिथून तीनशे मीटर उतरले की एलिझाबेत्ता हट. पाचव्या दिवशी खोऱ्यातून ला व्हिझायपर्यंत सावकाश उतरावे आणि बसने कूर्मायेर गाठावे. शेकुई खिंडीवरून जाणारी वाट आणखी सुंदर आहे, पण शेवटचा सातशे मीटरचा उतार खडा आहे. बस घेतली तर दुपार मोकळी मिळते, कपडे धुता येतात आणि गुडघा बर्फाने शेकता येतो.

सहावा दिवस कूर्मायेरहून बेर्तोने हटपर्यंत साडेसातशे मीटरचा सरळ चढ, आणि पुढे व्हाल फेरे खोऱ्याच्या वरून, ग्रांद झोरास शिखरांच्या भिंतीला समांतर जाणारी सज्जासारखी वाट बोनात्ती हटपर्यंत. माझ्या मते सगळ्या प्रदक्षिणेतले हे सर्वोत्तम चालणे आहे, कारण उंची फारशी बदलत नाही आणि नजर मोकळी राहते. सातव्या दिवशी आर्नूव्हाला उतरून २,५३७ मीटरची ग्रां कोल फेरे खिंड ओलांडायची आणि स्वित्झर्लंडमध्ये ला फूलीला उतरायचे. खिंडीनंतरचा उतार ९३७ मीटर, पण त्याचा कल सौम्य आणि वाट मातीची आहे. आठव्या दिवशी ला फूली ते शांपे: खेड्यांतून खाली, आणि शेवटी चारशे मीटरचा चढ. नववा दिवस राखीव. शांपेहून बसने ऑर्सिएर, तिथून लहान रेल्वेगाडीने मार्तिन्यी आणि मुख्य मार्गाच्या रेल्वेने जिनिव्हा.

बाहेर पडण्याच्या जागा आता मोजून पाहा. ले कोंतामीनला बस आहे. ले शापियोहून हंगामात बूर-सें-मोरीसला बस जाते आणि तिथे रेल्वे आहे. ला व्हिझाय आणि आर्नूव्हा या दोन्ही ठिकाणांहून कूर्मायेरची बस मिळते, आणि कूर्मायेरहून १९६५ मध्ये खुल्या झालेल्या साडेअकरा किलोमीटरच्या बोगद्यातून शामोनी. ला फूलीला पुन्हा बस. म्हणजे मधूनच सुटका नाही असे दोनच दिवस उरतात, तिसरा आणि चौथा. हवामानाचा अंदाज मुख्यतः त्या दोन दिवसांसाठी डोळ्यांत तेल घालून पाहायचा.

रानफूल

घसारा, बोनॉम खिंडीपुढच्या आडव्या भागाविषयी लिहिणार होतात. जूनअखेर तिथे बर्फ असते का?

घसारा

असते, आणि तारीख ठरवताना हाच मुद्दा निर्णायक ठरावा. हा पट्टा घळींनी चिरलेला आहे आणि घळींत जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, काही वर्षी त्याहून उशिरापर्यंत, जुने बर्फ तग धरून राहते. सकाळी ते काचेसारखे टणक असते आणि पाय सहज सरकतो; दुपारी ते भुसभुशीत होते, गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि खालून ओढा वाहत असेल तर वरचा पापुद्रा खचू शकतो. पावलांच्या खोल खुणा असतील आणि खाली उतार थोडा असेल तर काठ्यांच्या आधाराने सावकाश जाता येते. खाली कडा वा लांब घसरगुंडी असेल तर जाऊ नये. ला बाल्मच्या हटवाल्यांना आदल्या संध्याकाळी विचारावे. त्यांना त्या दिवशी पलीकडून आलेल्या प्रत्येकाकडून ताजी बातमी मिळालेली असते. वाटसरू, शक्य असेल तर ५ जुलैनंतर निघावे. त्यानंतर १४ जुलैची फ्रान्सची राष्ट्रीय सुटी आणि तिच्या मागोमाग शाळांच्या सुट्यांची गर्दी येते, म्हणून त्याहून फार पुढेही सरकू नये.

उन्हाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे दुपारची वीज. सकाळी निरभ्र असलेले आकाश दोन-तीन वाजेपर्यंत काळवंडते. सातला निघावे आणि दुपारी एकच्या आत खिंड मागे टाकावी, ही शिस्त पाळली तर बहुतेक वादळे हटच्या खिडकीतून पाहता येतात. तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते; शामोनीत २५ अंश असेल तर अडीच हजार मीटरच्या खिंडीत १५ च्या आसपास, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून पुष्कळ कमी जाणवते. जुलै असला तरी हातमोजे आणि लोकरीची टोपी सॅकमध्ये हवीच.

मुक्कामी

मुक्कामांविषयी. विमानाची तिकिटे आधी काढून मग हट शोधणे म्हणजे आधी कळस मग पाया. टीएमबीवरच्या अनेक हटचे आरक्षण आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होते आणि एलिझाबेत्ता, बोनात्ती यांसारख्या जागा लवकर भरतात, कारण त्यांच्या आसपास दुसरी सोय थोडी आहे. या दोन तारखा पक्क्या झाल्या की बाकीचे दिवस त्यांच्या मागेपुढे लावता येतात. एलिझाबेत्ता मिळाले नाही तर खिंडीच्या अलीकडे, फ्रान्सच्या बाजूला ले मोते हे हट आहे.

हटवर सहसा ‘हाफ बोर्ड’ घ्यावे: रात्रीचे जेवण, झोपण्याची जागा आणि सकाळची न्याहारी. जेवण सर्वांना एकाच वेळी, बहुधा सातच्या सुमारास वाढले जाते. उशिरा येणाऱ्याला स्वयंपाकघर उघडून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लिहावे आणि पोहोचल्यावर पुन्हा सांगावे. अंडी चालतात की नाही तेही स्पष्ट करावे. दुपारचा डबा हवा असेल तर आदल्या संध्याकाळी नोंदवावा. फ्रान्स आणि इटलीत युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. उंचावर कार्डाचे यंत्र चालेलच असे नाही, म्हणून दोन्ही चलनांत रोख रक्कम बाळगावी.

दाराशीच बुटांची खोली असते. चिखलाचे बूट आणि काठ्या तिथे ठेवायच्या, फळीवरच्या रबरी चपलांमधून आपल्या मापाच्या शोधायच्या आणि मगच आत जायचे. खाट सामाईक असते, कधी दहा-बारा गाद्या सलग घातलेल्या. पांघरूण हट देते, पण स्वतःची पातळ चादरीची पिशवी अंथरणे बंधनकारक असते. रात्री दहाला दिवे बंद होतात. पहाटे प्लास्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सॅक भरणारा माणूस कोणत्याही भाषेत अप्रिय असतो. सामान रात्रीच आवरून ठेवावे. कानात घालायचे बोळे न्यावेत, घोरणारा एकजण खोलीत असतोच.

एक गोष्ट ठळक सांगतो. काही कारणाने ठरलेल्या हटवर पोहोचणार नसाल तर फोन करून कळवणे आवश्यक आहे. पैसे जातात हा भाग वेगळा. नोंदलेला गट अंधार पडूनही आला नाही तर हटवाले काळजीत पडतात आणि शोध सुरू होऊ शकतो.

निळी_शाई

कागदपत्रांचे थोडक्यात. तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. खिंडीत सहसा कोणी अडवत नाही, तरी पासपोर्ट सोबत हवा. अर्ज जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समान असतील तर जिथे प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. घसारा यांच्या आखणीत रात्री तीन देशांत जवळपास सारख्या वाटल्या जातात, म्हणून आधीचे-नंतरचे मुक्काम धरून नीट मोजणी करावी आणि मगच अर्ज भरावा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. हटच्या आरक्षणाच्या पावत्या निवासाचा पुरावा म्हणून जोडता येतात.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण डोंगरातून शोधून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात येतोच असे नाही. फ्रान्समध्ये डोंगरातील बचावकार्य सरकारी खर्चाने होते, स्वित्झर्लंडमध्ये मात्र बिल येते. म्हणून पॉलिसीत ‘शोध आणि बचाव’ हे शब्द आणि उंचीची अट दोन्ही पाहावीत. आपत्कालीन क्रमांक ११२ तिन्ही देशांत चालतो. स्वित्झर्लंडमध्ये रेगा या हवाई बचावसंस्थेचा १४१४ आहे. फोन लागत नसेल तर शिट्टीने किंवा टॉर्चने मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येते. हेलिकॉप्टर दिसल्यावर मदत हवी असेल तर दोन्ही हात वर करून इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे राहावे. नको असेल तर एक हात वर आणि एक खाली. केवळ आनंदाने दोन्ही हात हलवून वैमानिकाला अभिवादन करू नये.

रानफूल

एक भर घालते. फ्रान्सच्या बाजूला मेंढ्यांच्या कळपांत ‘पातू’ जातीचे मोठे पांढरे राखण कुत्रे असतात. ते भुंकत अंगावर आल्यासारखे वाटतात. पळू नये, काठी उगारू नये, जागीच थांबून शांतपणे बोलावे आणि कळपाला लांब वळसा घालावा. गाय आणि तिचे वासरू यांच्या मधूनही जाऊ नये.

वाटसरू (धागाकर्ता)

आखणी छापून घेतली आहे. ७ जुलैला ले झूशहून निघावे असे ठरते आहे. एक शेवटची शंका. समजा एलिझाबेत्ता मिळाले, पण बोनात्तीत त्या रात्री चार जागा नाहीत असे उत्तर आले, तर सगळ्या तारखा एक दिवस पुढे सरकवाव्यात का?

घसारा

सरकवू नयेत, तुमच्याकडे राखीव दिवस एकच आहे. अशा वेळी कूर्मायेरला एकाऐवजी दोन रात्री राहावे. सहाव्या दिवशी हलकी पिशवी घेऊन बेर्तोने आणि ती वरची वाट चालावी, बोनात्तीत दुपारचे जेवण करावे आणि खाली लाव्हाशेला उतरून बसने कूर्मायेरला परतावे. सातव्या दिवशी सकाळच्या बसने आर्नूव्हा गाठून तिथूनच ग्रां कोल फेरे चढायला लागावे. खिंडीचा चढ तोच राहतो, आठवा दिवस जागच्या जागी राहतो, आणि त्या दोन दिवसांतला मोठा चढ तरी जड सॅकशिवाय होतो. फक्त बोनात्तीतली संध्याकाळ जाते, आणि ती जाणे मला स्वतःला जिवावर येईल. म्हणून आरक्षण उघडेल त्या दिवशीच अर्ज करावा. उलट, गुडघ्याने तोपर्यंत तक्रार सुरू केली असेल तर बोनात्ती मिळालेले असूनही हाच पर्याय घ्यावा. व्हाल फेरेच्या बसचे वेळापत्रक दर हंगामात बदलते, तेव्हा पहिली बस किती वाजता सुटते हे कूर्मायेरला पोहोचल्या संध्याकाळीच थांब्यावर पाहून ठेवावे.